राखवन दोन आणि आम्ही दोघी

१२ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय ढब्या,

अनेक आशीर्वाद. तू हल्ली फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्राला निदान 'मीटिंगमध्ये आहे' असं सांगता येत नाही.

इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात काम भरपूर आहे. काचा घासून घासून माझ्याच बोटांना चकाकी आलीय. आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा तोंड जास्त चालतं, तेव्हा काळजी नको. तुझे भाऊजी कामात असतात. बाल्कनीतल्या खुर्चीचा पाय निखळला होता, तो मीच बसवला.

आता मुद्द्याचं. मी 'राखवन दोन' खेळतेय. हो, तोच गेम, ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडताहेत. आणि मला तो आवडलाय. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तुला पहिली मिशी फुटली तेव्हा मी तोंडावर सांगितलं होतं, सुरवंट बसल्यासारखा दिसतोस म्हणून. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच बोलले असते.

पहिला 'राखवन' आपण कसा खेळायचो आठवतंय ना? माउस तुझ्याकडे, बटणं माझ्याकडे. ड्रॅगन मेला तेव्हा तू पलंगावरून उडी मारलीस आणि पुढचा दात पाडून घेतलास. त्या गेमपायी तू या धंद्यात गेलास, आणि दुसऱ्या भागातले संवाद लिहायचं काम तुलाच मिळालं, तेव्हा मी दुकानात पेढे वाटायच्या बेतात होते. पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे. 'नुसती बडबड.' 'ड्रॅगन कुठंय?' 'संवाद लिहिणाऱ्याचं तोंड कोणीतरी बंद करा.' हे शेवटचं तूच मला पाठवलंस, आणि खाली लिहिलंस, 'ताई, मी सोडतोय. बँकेच्या परीक्षेला बसतो.' त्यानंतर तू गप्प.

दलदलीचा भाग कंटाळवाणा आहे, हे मात्र लोक खरं बोलतात. तो तू लिहिला असशील तर थोडी लाज वाटू दे. आणि आमचा घोडा एकदा अर्धा भिंतीत अडकून बसला. आई म्हणाल्या, "राहू दे गं, उन्हातून आलाय, भिंत गार असेल."

हो, खेळतात त्या आहेत. मी आपली मदतनीस.

सुरुवातीला त्या नुसत्या शेजारी बसून भाजी निवडायच्या. मी टोलनाक्यावरच्या माणसाचं बोलणं बटण दाबून पुढं ढकललं, तशा खेकसल्या, "अगं, तो काहीतरी सांगत होता!" मग गेमचा रिमोट त्यांच्याकडे गेला तो गेलाच. त्यांनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, हे तुला ठाऊक आहे. 'बोला, लाइन जोडली आहे' म्हणायचं आणि कानावरचा हेडफोन काढायचा. लोकांचं ऐकायची सक्त मनाई. त्या म्हणतात, "जन्मभर माणसं 'हॅलो'वरच सोडून दिली. पुढं काय झालं ते कधी कळलंच नाही." आता त्या एकेकाला गाठून शेवटपर्यंत ऐकतात. विहीर खोदणाऱ्याला त्याच्या बायकोचा निरोप द्यायला दोन गावं मागं गेल्या. त्याचं बक्षीस काय, तर तो "बरं झालं सांगितलंत" म्हणाला. आई दिवसभर खूश. दरोडेखोर आले की रिमोट माझ्या हातात. "घे, हाणामारी तू कर."

ढब्या, वर मी भाऊजी कामात असतात असं लिहिलंय. कामात असतीलही, पण मला माहीत नाही. ते गेल्या उन्हाळ्यापासून इथं राहत नाहीत. दुसरं घर केलंय, आणि त्या घरात दुसरी कोणी आहे. आदळआपट झाली नाही. जाताना इस्त्री मात्र घेऊन गेले, त्याचा मला अजून राग येतो. तुला सांगितलं नाही, कारण तेव्हा तू तुझ्या गेमच्या घाईत होतास, आणि नंतर गेमच्या दुःखात. आई 'थोडे दिवस' म्हणून इथं राहिल्या. मी विचारलं नाही किती दिवस, त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघी तो विषय टाळून गेम खेळत बसलो.

गेल्या शनिवारी सकाळी भाऊजी आईंना न्यायला आले. खाली गाडी उभी. आई नेमक्या गेममधल्या गिरणीवरच्या म्हातारीशी बोलत होत्या.

"आई, चल. तुझी खोली तयार केलीय."

"बस जरा. हिचं बोलणं संपू दे."

"अगं, हा गेम फालतू आहे. सगळे म्हणताहेत."

"सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलंय कुठं?"

ते बसले. मी पाणी दिलं. म्हातारी सांगत होती, सगळं गाव उठून गेलं तेव्हा ती मागं कशी राहिली. 'मला हाकललं नाही कोणी, आणि चल असंही म्हटलं नाही. राहू का, असं विचारायला माणूसच उरलं नव्हतं, म्हणून राहिले.' मध्ये ती कितीतरी वेळ गप्प बसते. बटण दाबलं की ती गेलीच. आईंनी दाबलं नाही.

मग रिमोट मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "तू मला न्यायला आलास. विचारायला नाही आलास." आणि माझ्याकडे वळून, "मी इथंच राहिले तर चालेल का गं तुला?"

मी मान हलवली ती इतकी जोरात की कानातलं डूल गळून पडलं.

"लोक काय म्हणतील आई?"

"लोकांच्या लाइनी मीच जोडल्यात रे. काय म्हणायचं ते म्हणू देत."

ते पडद्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "आणि ही म्हातारी पुढं काय करते?"

"तू निघालास की कळेल. तुझ्या बोलण्यात तिचं ऐकू येत नाहीये."

ते गेले. दाराशी मला म्हणाले, "आईच्या गोळ्या संपत आल्यात बहुतेक." मी म्हटलं, "आणल्यात."

ती म्हातारी तूच लिहिलीस ना? मला पहिल्या वाक्यालाच कळलं. बँकेची परीक्षा द्यायची असेल तर दे बाबा, तुझं आयुष्य आहे. पण लोकांनी तोंड बंद करायला सांगितलं म्हणून देऊ नकोस. आमच्या घरात तुझं बोलणं ऐकलं गेलं, आणि एक माणूस जायचं ते राहिलं.

भाऊजींशी भांडायला धावत येऊ नकोस. ये, पण चार दिवस राहायला ये. आईंना तुला बरंच विचारायचंय.

आणि मी बरी आहे. इतके महिने तुला फोनवर हेच सांगत होते, तेव्हा ते खरं नव्हतं. आज आहे, म्हणून लिहून देतेय.

तुझी,
ताई