पेटीतला लाल ब्लाउज

मी, एस्नाथ मुचेंजे, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, कै. जोएल मुचेंजे यांची विधवा, राहणार न्यामुकोवो मिशन, मुतारेजवळ, माझ्यामागे काय कोणाला द्यावे हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. पटत नसेल तर काल चष्म्याशिवाय सुईत दोरा कोणी ओवला ते मुलीला विचारावे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. घर, अंगण व मागची आंब्याची तीन झाडे मुलगी नेत्साय हिला. मिशनची पोरे आंब्यावर दगड मारतात. मारू द्यावेत, पत्र्यावर पडू लागले तर मात्र ओरडावे.

२. पायाचे शिलाई मशीन व मोठी कात्री मिशनच्या मुलींच्या शाळेला. त्या कात्रीने कागद कापणाऱ्याला माझा शाप लागेल, असे लिहिले होते. साक्षीला बोलावलेले गवान्झुरा मास्तर म्हणाले, "माई, ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात शाप बरा दिसत नाही." तेव्हा ती विनंती समजावी.

३. जोएल गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझे दीर जोसाया यांनी "भावाची आठवण" म्हणून आमचा नांगर उचलून नेला. जू गोठ्यातच विसरले. अकरा वर्षे मी त्या जुवाला तेल लावत आले, आणि अकरा वर्षे प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेच्या ओळीपाशी गप्प बसत आले. जू दिरांना द्यावे. म्हणजे मलाही ती ओळ तोंडाने म्हणता येईल.

४. हे कलम लिहायला मला बावीस वर्षे लागली.

आमच्या महिला संघाचा लाल ब्लाउज भर उपासनेत बाईच्या अंगावर चढवतात आणि मेल्यावर तिला त्यातच पुरतात. लोइस न्याकुद्या, जिला आमच्या रीतीप्रमाणे मुलीच्या नावाने सगळे माई फाडझाय, म्हणजे फाडझायची आई, म्हणतात, ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा ब्लाउज मीच शिवला होता. तिची मुलगी फाडझाय लग्नाआधी गरोदर राहिली. आईने वळण लावले नाही, म्हणून आईचा ब्लाउज काढून घ्यायचा, असा तेव्हा नियम होता, आणि संघाची अध्यक्ष मी होते. एका गुरुवारी सगळ्या बायकांसमोर मी माझ्या हाताने तिची बटणे काढली. ती एवढेच म्हणाली, "माई नेत्साय, वरचं बटण घट्ट आहे. जपून, तुटेल."

दोन महिन्यांनी माझ्या नेत्सायचे लग्न झाले. तिचा पांढरा झगा मी कमरेत चार बोटे सैल केला आणि पुढे चुण्या घातल्या. कोणाला काही कळले नाही, कारण शिंपीण मीच होते. बायकांनी चुण्यांचे कौतुक केले. मी लाल ब्लाउज घालून पहिल्या रांगेत बसले होते. मला माझी लाज वाटते. नेत्सायने हे वाचले आहे. म्हणाली, "लिही आई. त्या चुण्या मला अजून टोचतात."

लोइसचा ब्लाउज माझ्या पेटीत आहे. दर ईस्टरला मी तो धुऊन इस्त्री करते. माझ्या मृत्यूनंतर तो तिला द्यावा. मला माझ्या ब्लाउजात पुरू नये. टाचण्या लावायचा निळा एप्रन घालावा. प्रभू मला त्यात ओळखील.

नोंद, त्याच दिवशी दुपारी:

चौथे कलम मी मास्तरांना दाखवले नव्हते. ते दुसरा साक्षीदार आणायला बाहेर गेले आणि नेमके, भाजी घेऊन चाललेल्या माई फाडझायलाच घेऊन आले. तिने टोपली खाली ठेवली आणि शेवटपर्यंत वाचले. मग कागद मास्तरांकडे दिला. वाचून ते घसा खाकरून म्हणाले, "ज्याला वस्तू मिळते त्याची साक्ष चालत नाही. माई, ब्लाउज तरी घ्या, नाहीतर सही तरी करा."

"म्हणजे ही मरेपर्यंत मी वाट बघायची?" माई फाडझाय म्हणाली. "हिची आई त्र्याण्णव वर्षं जगली! तोवर काय हिचा खोकला मोजत बसू? एस्नाथ, ऊठ. पेटी उघड."

मी उघडली. म्हटले, "लोइस, माझं चुकलं गं. तुझ्या जागी मी..."

"वाचलं मी. रडून कागद भिजवू नकोस." तिने हात बाह्यांत घातले. "आता बटणं लाव. काढलीस तूच ना?"

मी वरून सुरुवात केली. वरचे बटण लागले. कमरेचे काही लागेना. बावीस वर्षांत तीही भरली आहे. तिने खाली पाहिले, मग माझ्याकडे.

"चार बोटं सैल करावा लागेल," ती म्हणाली. "तुला येतं ते."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मास्तर अंगणात जाऊन उभे राहिले.

सबब, ब्लाउज आज हयातीतच देऊन झाल्याने चौथ्या कलमातली देणगी रद्द समजावी. बाकीचा मजकूर मी उद्या गुरुवारच्या सभेत उभी राहून वाचणार आहे. मला कशात पुरावे हे माई फाडझायने ठरवावे. बटणे तीच लावणार आहे.

न्यामुकोवो मिशन, बुधवार, १२ मार्च २०१४

सही: एस्नाथ मुचेंजे

आम्हा दोघांदेखत सही झाली:
१. सायमन गवान्झुरा, निवृत्त मुख्याध्यापक
२. लोइस न्याकुद्या, सभासद, महिला संघ