तिसऱ्या वळणाला उजवीकडे

१० जानेवारी, गुरुवार

आमच्या ग्लेनफॅरन गावच्या डान्स कमिटीला शेवटी अक्कल आली. १५ मार्चच्या वार्षिक डान्सला मी स्वतः रचलेला नाच घेतलाय. नाव 'इश्बेलची गाठ'. बायकोच्या नावाचा नाच, बायकोबरोबर, पहिल्या जोडीत उभं राहून नाचणार. माझ्या नाचाच्या वर्गाला तेवढा आला पाहिजे.

संकल्प: यंदा वर्गात ओरडायचं नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

ओरडलो. इलाज नव्हता. तिसऱ्या वळणाला उजवीकडे जायचं, तर डूगल ग्रीग डावीकडे गेला. जन्मभर खाटकाचं दुकान चालवलं, आणि याला डावं-उजवं कळू नये? वर म्हणतो, मास्तर, उजवीकडे भिंत आहे, माझी जोडीदारीण डावीकडे. मी काय भिंतीशी नाचू? बाकीचे हसले आणि त्याच्यामागे डावीकडे गेले. मेंढरं नुसती. मी सीडी बंद केली.

इश्बेल आली नाही. गुडघा दुखतो म्हणे. ख्रिसमसच्या आधी वर्गात सगळ्यांदेखत मी तिला म्हणालो होतो की तुझा हात ओल्या फडक्यासारखा पडतो. त्याचा गुडघ्याशी काय संबंध?

३१ जानेवारी

जेमतेम चार जोड्या. थंडी. कमिटीच्या सेक्रेटरी मिसेस पेट्री म्हणाल्या, शेवटी एखादा जुना सोपा नाच घ्या ना, लोक हसत घरी जातील. म्हटलं, बाई, हा स्कॉटिश कंट्री डान्सचा वर्ग आहे, लोकांना हसवायचा ठेका मी घेतलेला नाही. एकाच वळणावर सगळी संध्याकाळ घासली. चहाची सुट्टी रद्द. तर डूगलने स्पोरनमधून, किल्टवरच्या त्या बटव्यातून, शॉर्टब्रेडची बिस्किटं काढून सगळ्यांना वाटली. माझ्या वर्गात! तळपायाची आग मस्तकात गेली.

संकल्प: जो चुकेल त्यालाच बोलायचं. म्हणजे सगळ्यांनाच.

१४ फेब्रुवारी

कोणीच नाही. बर्फामुळे असणार. बर्फ पडला नव्हता, पण पडेल असं वाटलं असेल. चर्चच्या रिकाम्या हॉलमध्ये एकट्याने नाच करून पाहिला. एक चूक नाही.

घरी इश्बेल नव्हती. हल्ली दर गुरुवारी ती गुडघ्याच्या उपचारांना जाते. आली ती गाल लाल, नाचाचे बूट पिशवीत, केसांत वाळकं गवत, आणि माझ्याच नाचाची चाल गुणगुणत. म्हटलं, हे कसले उपचार? म्हणाली, गुण येतोय. चांगलं आहे. मार्चपर्यंत बरी व्हायला हवी.

७ मार्च

सगळे हजर. येणारच होते, जातात कुठे. नाच झकास बसलाय, फक्त तिसऱ्या वळणाला झाडून सगळे डावीकडे. घसा बसेपर्यंत ओरडलो. कोणी उलटून बोललं नाही, आणि कोणी उजवीकडेही गेलं नाही. डूगल म्हणाला, मास्तर, एकदा तुम्हीच डावीकडे येऊन बघा. निर्लज्जपणाची कमाल आहे.

काही हरकत नाही. डान्सला पहिल्या जोडीत मी आहे. मी जाईन तिकडे सगळे येतील. किल्टला इस्त्री केली.

१६ मार्च, शनिवार

काल डान्स झाला. समोर इश्बेल, गुडघा ठणठणीत. बँड सुरू व्हायच्या आधी हळूच म्हणाली, फर्गस, तिसऱ्या वळणाला डावीकडे ये हं. डूगलच्या गवताच्या कोठारात आम्ही सगळ्यांनी तसाच बसवलाय, तुझ्यासाठी. मी म्हटलं, हा नाच मी रचलाय.

उजवीकडे गेलो. अख्खा हॉल डावीकडे गेला. मी हात पुढे करून उभा, आणि समोर भिंत.

नाच संपल्यावर लोकांनी पाय आपटून आपटून तोच पुन्हा मागितला. इश्बेलने हात पुढे केला. म्हणाली, येतोस का? तो हात जरा सैल पडत होता. मी तसं सांगितलं.

दुसऱ्यांदा ती डूगलबरोबर नाचली. डावीकडचं वळण कसं होतं ते दिसलं नाही, मध्ये माणसं होती. ती हसत होती तेवढं दिसलं.

मी बसून होतो. गुडघा दुखत होता.