एका बाहीचा कोट

दादा,

नमस्कार लिहीत नाही, हात जोडायला रिकामे नाहीत.

आई जाऊन तीन महिने झाले. तू फिरकला नाहीस, पण ताण घालवायचे व्हिडिओ मात्र रोज न चुकता पाठवतोस. काल काय, तर म्हणे डोळे मिटून दीर्घ श्वास घे. शिलाई मशीनवर बसून डोळे मिटू? बोट जाईल सुईखाली!

मी काय करते ते ऐक. आईने तुझ्यासाठी शिवायला घेतलेला कोट एका बाहीचाच राहिलाय. दुसरी बाही मी रोज दुपारी जोडते आणि संध्याकाळी उसवते. शेजारची मावशी म्हणते, "पोरीला वेड लागलं." लागलं तर लागलं. ती बाही पक्की झाली की आईच्या हातचं शेवटचं काम संपलं.

आणि तुझं माप तरी कुठाय? ती बिचारी तुझ्या कॉलेजातल्या मापावर शिवत होती. "आला की पोटावर सैल करून देईन," म्हणायची.

हे पत्र मी पाठवणार नाही. कोटाच्या खिशात ठेवतेय. खिसा आईने शिवलाय, फाटायचा नाही. वाचायचं असेल तर माप द्यायला ये.

तुझी नव्हे, आईची
धाकटी