स्मरणार्थ झाकण

मुलुंड (पूर्व), गुरुवार

ती. सौ. शकुताईस,

सुबोधचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीपॉयच्या मधे जागा नाही, तेव्हा तूर्त वाकून केला असं समज.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला का? इकडे माधुरीची तब्येत उत्तम आहे, आणि माझी तिच्या मते नको तितकी उत्तम. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस आणि माझा मुद्दा निघायलाच वेळ लागतो. पत्रात तुला तशी सोय नाही.

तर विषय आपल्या अपूर्वाच्या झाकणाचा. तू मे महिन्यात बजावून गेलीस, की या सत्रात कॉलेजच्या समितीने पैसे दिले तर ठीक, नाहीतर परीक्षा आटोपून पोरीने निमूट कुडाळला यावं आणि भावोजींनी शब्द टाकून ठेवलेल्या पतपेढीत चिकटावं. समितीचं म्हणणं, आधी चालणारा नमुना दाखवा, मग पैसे. म्हणजे पैशांसाठी झाकण हवं आणि झाकणासाठी पैसे. तेव्हा मी छातीवर हात मारून म्हणालो होतो, "नमुन्याचे पैसे तिचा मामा उभे करील." (निवृत्तीनंतर छातीवर हात मारणे एवढाच माझा व्यायाम उरला आहे.) झाकण काय आहे ते तुला पुन्हा सांगतो, कारण मागच्या वेळी तू ऐकत नव्हतीस. दूध वर येऊ लागलं, की वाफेने झाकणाच्या मधला पातळ पत्रा फुगतो, त्याने एक बटण दाबलं जातं, आणि शेगडीला लावलेली छोटी मोटर गॅस बंद करते. दूध उतू जात नाही आणि बाईमाणसाला पातेल्यासमोर पहारा द्यावा लागत नाही. मला हे समजायला चार दिवस लागले, पण समजल्यावर मी ते जो भेटेल त्याला सांगत सुटलो.

पहिल्यांदा गेलो अंधेरीला, नव्या उद्योगांत पैसे घालणाऱ्या एका गृहस्थाकडे. काचेचं ऑफिस, वय आपल्या केतनएवढं, म्हणजे तिशीसुद्धा नाही, पायात मोजे नाहीत. मी अर्धा तास दूध उतू जाण्याचे दुष्परिणाम सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आमच्याकडे बदामाचं दूध येतं, ते कोणी तापवत नाही." मग मी बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी तारण काय म्हणून विचारलं. मी भाचीची हुशारी म्हणालो. त्यांनी मला पाणी दिलं.

शेवटी आपलं गावचं मंडळ आठवलं. भांडुपला शाळेच्या वर्गात बैठक होती आणि मी लहान मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून झाकणाचा ठराव मांडला. मंडळाकडे वह्यावाटपाचे पैसे असतात, देवळाच्या रंगाचे असतात, झाकणाचे नसतात. फार तर शाल-श्रीफळ देऊ म्हणाले. मी पडेल चेहऱ्याने चप्पल घालत होतो, तेवढ्यात श्यामकांत परबाने मला जिन्यात गाठलं. "पैशे देतलंय मी," तो म्हणाला, "पण बापाशीचा नाव खंय घालतलंस?" झाकणावर वडिलांचं नाव घालायची त्याची अट ऐकून आणखी चौघे पुढे आले, प्रत्येकाचं कोणी ना कोणी कैलासवासी. आपल्या माणसांचं तुला ठाऊकच आहे. देवळाला पंखा देतात, पात्यावर नाव घालतात, आणि नाव वाचता यावं म्हणून पंखा लावू देत नाहीत. मी पाचही जणांना शब्द देऊन टाकला.

साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये अपूर्वाने स्वतः उभं राहून झाकण करून घेतलं. ताई, झकास चाललं गं ते! त्या आठवड्यात घरात इतकं दूध तापवलं, की शेवटी माधुरीला बासुंदी करावी लागली. नावांचं सांगितल्यावर अपूर्वा म्हणाली, "मामा, ते मी बघते. तू झाकणाला हात लावू नकोस." आता इतकं स्पष्ट सांगितल्यावर कोणीही थांबला असता. पण मी दिल्या शब्दाचा माणूस. समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती पेपरला गेली आणि मी झाकण पिशवीत घालून घाटकोपरला भांड्यांच्या दुकानात गेलो, आपण लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून घेतो तिथेच. कडेवर पाच कैलासवासी मावेनात. मधला पत्रा मात्र गुळगुळीत, चकचकीत आणि रिकामा होता. मी म्हटलं, इथे घाला. मशीनच्या सुईने कर्रकर्र करत अशी सुबक अक्षरं काढली, की मी दुकानदाराला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी समितीसमोर मागच्या खुर्चीत हजर. पातेलं चढलं, दूध तापलं, आणि श्यामकांतच्या वडिलांच्या नावातून वाफेची बारीक धार निघाली. मग उरलेल्या चौघांतून. पत्रा काही फुगला नाही, मोटर हलली नाही, आणि दूध टेबलावरून समितीच्या बाईंच्या कागदांपर्यंत गेलं. अपूर्वाने झाकण उचलून उजेडाला धरलं, नावं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, चल घरी."

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार. कोकमं मिळाली. मागणं असं काहीच नाही.

तुझा,
सुबोध

ता. क. मागणं आहे. त्या संध्याकाळी अपूर्वाने तुला फोनवर "आई, माझंच गणित चुकलं" असं सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. ताई, मला फार लाज वाटली आणि तिचं फार कौतुकही वाटलं. तिने मला वाचवलं, आणि आता ती पुस्तकं खोक्यांत भरते आहे. तिचं गणित बरोबर होतं. मी समितीच्या बाईंकडे एकटा जाऊन हे सगळं सांगून आलो. (त्या आधी रागावल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.) पुढच्या सत्रात पुन्हा आण म्हणाल्या. तेव्हा तिला बोलावू नकोस. एवढं एक सत्र राहू दे. पतपेढीवाल्यांना फारच घाई असेल तर मला घ्या म्हणावं.

ता. क. २ नव्या झाकणाचे पैसेही श्यामकांतच देतोय. त्याची अट तीच आहे आणि मी हो म्हटलंय. अपूर्वाला एवढ्यात सांगू नकोस. या वेळी मी झाकणाला बोटसुद्धा लावणार नाही, नाव मोटरच्या डबीवर घालून आणतो. आत नुसत्या वायरी तर आहेत, त्यांना काय होणार?