आत्यांचे उपवास

९ एप्रिल, गुरु.
अवकाळीनं शेडमधला बेदाणा काळा पडला. मालक म्हणाले, बोलवीन तेव्हा या. तासगावात आता दुसरं काम कुठलं! रेशनच्या मशीनवर अंगठाही उमटेना, बेदाण्याच्या औषधाच्या पाण्यानं बोटं गुळगुळीत झालीत. हे वारल्यापासून घरात आम्ही तिघी, मी, माझी पिंकी अन् आत्या, म्हणजे सासूबाई. आज दोनच भाकरी. एक पिंकीला, अर्धी मला. सासूबाईंचा गुरुवार, म्हणून उरलेली अर्धी झाकून ठेवली, उद्या पिंकीच्या डब्याला.

१३ एप्रिल, सोम.
आत्यांचा सोमवार. आता मंगळवार, शनिवारही धरलेत. फराळ नाही, नुसता कोरा चहा. शेजारच्या शालनताईला कौतुकानं सांगितलं, आमच्या आत्या लय देवाच्या. एक ताट कमी झालं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१८ एप्रिल, शनि.
आत्या चुलीपाशी बसल्या जागी कलंडल्या. ऊन लागलं म्हणाल्या. भाकरी पुढं केली तर हात मागं घेतला.
"मारुतीचा वार हाय. पोरीला दे."
मी हट्ट केला नाही.

२१ एप्रिल, मंगळ.
सकाळी चहा घेऊन गेले. आत्या उठल्या नाहीत. अंग इतकं हलकं, की

३० एप्रिल, गुरु.
दहावा. ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, खाली येईनात. चुलतदीर म्हणाले, काकूला काय आवडायचं ते ठेवा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बारा वर्षं एका घरात राहिले, आणि मला सांगता येईना. मनात म्हटलं, आत्या, आज वार नका धरू, जेवा. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
घरी आल्यापासून चुलीकडं बघवत नाही. तिथंच बसलेल्या दिसतात, हात मागं घेऊन.

४ मे, सोम.
शेडचा निरोप नाही. दोन भाकरी केल्या. पिंकीनं ताट सरकवलं. नऊ वर्षांची पोर.
"आज माझा उपवास हाय."
कुणाचा, विचारलं.
"आजीचाच. तिनं सांगितलंय, पाणी पीत राह्यलं की जमतंय. तू खा."
म्हणजे पोरीला ठाऊक होतं. मलाही होतंच की.
भाकरी मोडून तिच्यापुढं ठेवलीय. तासभर झाला, हात लावत नाही. तिच्यासमोर बसूनच हे लिहितेय. ती खाईपर्यंत आज मी उठणार नाही.