मारुतीच्या पाराशेजारची भट्टी

धुळे, ४ मार्च १९६८

प्रिय तारा,

जळगावच्या उन्हाची तुझी तक्रार पोचली. इथे काय गारा पडताहेत? आज माझी तक्रार मोठी आहे. सोनगीरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेला पन्नास वर्षं होताहेत, म्हणून सरपंच भाईदास स्मरणिका काढतोय. 'अक्का, गावनी माहिती तुम्हीच लिखा, बठ्ठं तुमलेच माहीत शे,' असं गोड बोलून गेला. चौतीस वर्षं पोरींचे निबंध तपासलेली बाई मी. सात पानं लिहून दिली.

काल ती पानं घेऊन तो परत आला. 'अक्का, हाई अक्रोडनं झाड कोठे शे आपला गावमा?' मी त्याला चांगलं झापलं. गावात राहून गाव बघत नाहीस, सरपंच कसला तू! त्यावर बिचाऱ्याने पुढचं वाचून दाखवलं. नदीकाठी दगडी छपराखाली बायकांची धुण्याची जागा. शेवटची गव्हाची पेंढी दारावर टांगायची रीत. मारुतीच्या पाराशेजारी अख्ख्या गावाची मिळून एक पावाची भट्टी, शनिवारी तिच्यापुढे रांग. पावाची भट्टी, तारा! आमच्या बाजरीच्या गावात!

ते व्हालरोश होतं. मदर क्लेमांसचं फ्रान्समधलं गाव. बोर्डिंगमध्ये दर शुक्रवारी ती आपल्याला त्याचंच श्रुतलेखन घालायची, आणि एका चुकीला दहा वेळा लिहायला लावायची. चाळीस घरांचं ते गाव तिला पुन्हा कधी दिसलं नाही. आपण तिच्या पाठीमागे हसायचो.

भाईदासला म्हटलं, दोन वह्यांचे कागद मिसळले. जाताना तो इतक्या हळू आवाजात 'येतो अक्का' म्हणाला, की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आजारी माणसाशी असं बोलतात.

कागद मिसळले नव्हते. एकाच शाईने, सलग लिहिलंय. मी ते पुन्हा वाचलं, आणि तारा, मला कुठेच काही खटकलं नाही. डॉक्टरकडे जाणार नाही. तो आधी तारीख विचारेल, आणि वरची तारीख मी कॅलेंडर बघून लिहिली आहे.

आता लिहायचं कारण. डोळ्यांपुढे सारखी एक बाई येते. कोपरापर्यंत पीठ, आगीने लाल झालेला चेहरा. गरम तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवते. ती खापरावर मांडे करणारी माझी आई, की श्रुतलेखनातली, भट्टीपुढची मदर क्लेमांसची आई, ते मला ठरवता येत नाही. आईचा फोटो कधी काढलाच नाही. सुट्टीत तू दोनदा आमच्याकडे राहिलीस. तिला पाहिलेलं माणूस आता तू एकटीच. ती कशी दिसायची, उलट टपाली लिही. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नकोस. आणि हेच मी मागच्या पत्रातही विचारलं असेल, तर ते मला कळवू नकोस. पुन्हा लिही.

तुझीच
कौतिक