पोलादी पोटऱ्या

३ मार्च
लग्नाच्या वाढदिवसाला हिला डोंगरावर नेईन, असं मी वर्षानुवर्षं कबूल करतोय. यंदा नेणारच. मेहुणी आणि साडूही येणार. साडूने फोनवर विचारलं, पन्नाशीनंतर तोल जातो, झेपेल ना? त्याचं पोट पाहता हा प्रश्न त्याने आरशाला विचारायला हवा.
संकल्प: रोज एका पायावर उभं राहून दात घासणे.

४ मार्च
दात घासले. दोन्ही पायांवर. घाई होती.

६ मार्च
जिने चढायचा सराव सुरू. दुसऱ्या मजल्यापर्यंत उत्तम. पुढे लिफ्ट. रात्री पोटऱ्यांचे दगड.

७ मार्च
पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणाली, बर्फाने शेका. पण नंतर जरा बसून राहा. पाय बधिर असतो, कुठे पडतोय ते कळत नाही, तोल जातो. हल्लीची मुलं फार भित्री.

८ मार्च
फ्रीजरमधली मटारची पिशवी पोटरीला बांधली. दुखणं गायब! म्हणजे स्नायू पोलादी झाले. लगेच एका पायावर उभा राहिलो. पाय पिसासारखा हलका, जमिनीला लागलेलाही कळेना. मग पडदा धरला. मग पडदा, रॉड आणि मी एकदमच खाली आलो.
हॉलच्या फरशीला उतार आहे. बिल्डरने फसवलं.

९ मार्च
फरशीवर गोटी ठेवून पाहिली. घरंगळली नाही. गोटीतच दोष.
ही एका पायावर उभी राहून, दुसऱ्या पायाने कपाटाचं दार लोटत, बहिणीशी फोनवर बोलत होती. कितीतरी वेळ. याला काही व्यायाम म्हणत नाहीत. मटार इतके पिचपिचीत कसे झाले, असं तिने विचारलं. मी पेपर वाचत होतो.

१४ मार्च
उद्या निघायचं. हिने नवे बूट आणलेत, घरातच घालून फिरतेय. मध्येच गुणगुणते. इतकी खुशीत तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणजे माझी जबाबदारी वाढली. सकाळी दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत घालायचे आणि साडूदेखत जिना धावत उतरायचा.

१५ मार्च, सकाळ
ठरल्याप्रमाणे धावलो. अर्ध्या जिन्यात पाय होते, पण ते माझेच आहेत अशी खात्री वाटेना. उरलेला जिना बसून उतरलो. घोटा टम्म सुजला. साडूने मला उचलून वर आणलं. एकट्याने. त्याला धापही लागली नाही. तेच जास्त लागलं.
पुतणी येऊन पट्टी बांधून गेली. जाताना बर्फाची बादली मोरीत ओतून गेली.
हिने पायाखाली उशी दिली. पाणी, गोळ्या, फोन हाताशी ठेवले. मी मोठ्या मनाने म्हणालो, "तू जा. माझी काळजी करू नकोस." वाटलं, आता ही बॅग खाली ठेवेल.
"नाही करत," ती म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधून निघाली.

१५ मार्च, संध्याकाळ
हिचा शिखरावरून फोन. वाऱ्यामुळे नीट ऐकू येईना. आवाज भरून आल्यासारखा वाटला. माझ्या आठवणीने असणार. पुन्हा लावला तर हसत होती. पुढच्या महिन्यातला डोंगरही ठरलाय. तिघांचं बुकिंग झालं.